थांबण्याची परीक्षा

सकाळी उठल्यापासून शाळेची बस येईपर्यंत घरात मी एकटीच बोलत असायची. दात घास. घासलेस? मग ब्रश तोंडात धरून खिडकीत काय उभी राहिलीस? मोजा एकच का? दुसरा कुठं गेला? बाटली घे. अगं ती रिकामी, भरलेली घे. आणि बस कोपऱ्यावर दिसायला लागली की माझी सात वर्षांची लेक शांतपणे म्हणायची, "मम्मी, आज ना ड्रॉइंग शीट मंगवायला सांगितलं होतं." मंगवायला! घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि दोन्हींच्या मध्ये लटकलेली ही पोरगी. डोक्याला हात लावायलासुद्धा वेळ नसायचा.

तेव्हा आम्ही जयपूरच्या छावणीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि ती. हे फौजेत, त्यांची बदली वर सीमेवर झालेली, जिथं घरच्यांना नेता येत नाही. अशा बायका-पोरांसाठी इथं वेगळे क्वार्टर आहेत, त्यात आम्हाला दोन खोल्या मिळालेल्या. माहेर माझं सातारा जिल्ह्यातलं, सासरही तिकडचंच. लेकीची ही तिसरी शाळा. दुसरीतच तिसरी शाळा, असं मी हसून सांगायची. ते हसू हळूहळू आटत गेलं.

सगळं उलटलं ते शाळेच्या सहलीनं. डिसेंबरात पोरांना कानोत्याच्या धरणावर नेलं होतं. जेवणं झाल्यावर बाईंनी पोरांना एका झाडाखाली बसवलं आणि थांबायला सांगितलं. सगळी थांबली, आमची उठली. एकटीच निघाली ती धरणाच्या भिंतीपर्यंत. एका कणीसवाल्यानं पाहिलं, दंडाला धरून परत आणून सोडलं, म्हणून बरं. मला हे कळलं तेव्हा ती घरी येऊन खिचडी खात बसलेली होती. मी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरून रडले. दोन्ही एकदमच म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावणं. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी एकेक तक्रार सांगितली. नंबर येईपर्यंत थांबत नाही. सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली करते, उरलेल्या दोन विसरते. 'एक मिनट रुको' म्हटलं की उठून चालू लागते. त्यांनी सुचवलं की हिची रीतसर तपासणी करून आणा. त्यात फारच कमी निघालं तर पुढच्या वर्षी हिला पुन्हा दुसरीतच बसवू, म्हणजे जरा सावरेल. "उसी के भले के लिए," त्या म्हणाल्या. ही पोरगी प्रत्येक बदलीत मैत्रिणी सोडून आलेली. या शाळेत कुठं एक शेजारीण मिळाली होती, डब्यातला पराठा वाटून खाणारी. आता बदलीशिवायच तिला मागं ठेवणार म्हणजे काय!

आधी तिलक नगरातल्या एका डॉक्टरांनी पाहिलं. कान बरे, डोळे बरे, वजन कमी. मग त्यांनी झालानाला एका केंद्राचा पत्ता दिला. झालाना म्हणजे नुसती ऑफिसं, त्यांच्या मागं जंगल, जंगलात बिबटे. रिक्षावाल्यानं सगळ्या वाटेनं लेकीला बिबट्याच्या गोष्टी सांगितल्या. उतरल्यावर आधी बिबट्या बघायचा, असा तिनं हट्ट धरला. मी मनात म्हटलं, झालं, इथंच नापास.

पण आत गेलो आणि माझ्या जिवात जीव आला. तपासणी करणारी मुलगी मराठी निघाली. पुण्याची. नवरा इथं कुठल्याशा कंपनीत, म्हणून हीही इथं. वय माझ्यापेक्षा कमी. मला लगेच ताई म्हणायला लागली. मी तिला मॅडमच म्हटलं, कारण तिच्या हातात माझ्या पोरीचं वर्ष होतं. पण परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस कसं पाघळतं! मी चहासुद्धा तिथं घरच्यासारखा मागून घेतला.

तिनं मला समजावून सांगितलं. बुद्धी वेगळी आणि ही गोष्ट वेगळी. हिला कार्यकारी क्षमता म्हणतात, असं ती म्हणाली. कार्यकारी म्हटलं की मला आमच्या गावच्या पतसंस्थेचं कार्यकारी मंडळ आठवलं. तेही कधी वेळेवर काही करत नाही. मी तसं म्हटल्यावर ती खळखळून हसली. मग तिनं सोपं करून सांगितलं. ऐकलेलं थोडा वेळ मनात धरून ठेवणं, हात पुढं जायला लागला की तो आवरणं, एक पद्धत चालेना झाली की दुसरी धरणं. मुलांत हे हळूहळू येतं, वयात आल्यावरसुद्धा पिकत राहतं. कुणात लवकर, कुणात उशिरा. मला कळलं. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम असतो ना, आधी हा फड, मग तो, तू थांब, तू मोळी बांध, असं सांगणारा? तसा डोक्यातला मुकादम. आमच्या पोरीचा मुकादम अजून कामावर आलेला नव्हता, आणि त्याच्या जागी गेली दोन वर्षं मी राबत होते, बिनपगारी.

"परीक्षा हिंदीत घेऊ की मराठीत?" तिनं विचारलं. "तसं सगळं हिंदीत छापलेलं आहे माझ्याकडे."

"मराठीत घ्या," मी ताठ मानेनं म्हटलं. "आमच्या घरात मराठीच बोलतात."

तिलाही ते आवडलेलं दिसलं. म्हणाली, चला, मलाही इथं बोलायला मिळत नाही. आणि लेकीचा हात धरून आतल्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर बसले.

आतलं थोडंफार ऐकू येत होतं. ती आकडे सांगायची, हिनं ते उलटे म्हणायचे. "सात, दोन, नऊ," मॅडम म्हणायची. "नौ, दो, सात," लेकीचं उत्तर. मराठी बोलणारं घर म्हणे! चार आकडे झाले की मात्र गाडी घसरायची. मधला एखादा आकडा कुठं पडायचा देव जाणे. मग एक खेळ झाला. चंद्राचं चित्र दाखवलं की 'दिवस' म्हणायचं आणि सूर्याचं दाखवलं की 'रात्र'. त्यात ती मजेत होती, हसण्याचा आवाज येत होता. मी बसल्या बसल्या तो खेळ मनात खेळून पाहिला आणि दोनदा चुकले. थकलेल्या माणसाचीही तपासणी करतात का, विचारायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आली, दार लावून माझ्या शेजारी उभी राहिली आणि कुजबुजली, "आता शेवटचं. थांबण्याचं." टेबलावर क्रीमचं एक बिस्किट ठेवलं होतं. मी येईपर्यंत खाल्लं नाहीस तर अशी दोन मिळतील, असं लेकीला सांगितलं होतं. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. मॅडमनं त्यातून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी वाकून पाहिलं. लेकीनं बिस्किटाचे दोन भाग केले होते आणि ती निवांत क्रीम चाटत होती. तिकडं पाठ फिरायचा अवकाश, इकडं पहिला घास पोटात गेलेलाही असेल.

त्या दिवशी मॅडम फार बोलली नाही. आकडे धरून ठेवण्यात कमी आहे, त्याला उपाय आहेत, म्हणाली. पण स्वतःला आवरणं फारच कमी दिसतंय, आणि सहलीची गोष्ट बघता शाळा ते धरून बसेल. "मी काही लपवू शकणार नाही, ताई." लपवा असं मी कुठं म्हटलं होतं? पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बिस्किटासाठी पोरीनं वर्ष घालवलं, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

थांबवून ठेवलेल्या त्याच रिक्षात बसल्यावर मी गप्प राहायचं ठरवलं होतं. ते जमलं असतं तर मी मी कसली! पहिल्याच सिग्नलला तोंड सुटलं. "एवढा हावरटपणा? घरात बिस्किटं मिळत नाहीत का तुला? जरा वेळ थांबली असतीस तर दोन मिळाली असती."

"नसती मिळाली," ती म्हणाली.

"का नसती? मॅडमनी सांगितलं होतं ना?"

"त्या 'आलेच हं' म्हणाल्या." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. "आलेच म्हणतात, मतलब येत नाहीत."

मी म्हटलं, अगं बये, आलेच म्हणजे लगेच येते. आत्ता येते. ती मान हलवत राहिली. मग एकेक बोट दुमडत तिनं मला माझाच पाढा वाचून दाखवला. मी शेजारच्या आंटीकडं 'आलेच' म्हणून जाते आणि ती एकटी कार्टून संपेपर्यंत बसते. कॅन्टीनला 'आलेच' म्हणून जाते. फोनवर असले की हात दाखवून 'आलेच' म्हणते आणि तिची वेणी अर्धी राहते. "आणि पप्पा. पप्पा पण जीपमध्ये बसताना 'आलोच बाळा' म्हणाले होते. गणपतीत. दिवाळीत आले का? नाही. संक्रांतीला आले का? नाही." मग ती म्हणाली, "एक तर होतं ना समोर. म्हणून खाल्लं."

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण तो बिबट्याबद्दल काही बोलला नाही.

मला राग आला. कुणाचा, ते मात्र समजेना. आलेच हा काय शब्द आहे का? तो आपण दार ओढता ओढता फेकतो, कडी लावावी तसा. आमच्या सगळ्या आळीत, सगळ्या जिल्ह्यात, पुण्यातसुद्धा, बायका आलेच म्हणून जातात आणि तासाभरानं येतात. कुणी मनावर घेत नाही. मनावर घ्यायला ही एकच पोर जन्माला आली होती. आणि तिचं बरोबर होतं. तेच तर मला सहन होईना.

घरी पोचल्यावर मी मॅडमला फोन केला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, चूक माझी आहे. हिंदीत छापलेलं वाक्य आहे, 'मैं बाहर जाऊँगी और फिर वापस आऊँगी.' ते तसंच म्हणायचं असतं, शब्द बदलायचा नसतो. पण मराठीत घ्यायची म्हटल्यावर माझ्या तोंडून घरचं निघालं. आलेच हं. मला ते म्हटल्याचं आठवतही नाही." मग तिनं विचारलं की सहलीत बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या. मला माहीत नव्हतं. लेकीला विचारलं. खेळता खेळता तिनं सांगितलं, "यहीं बैठो, बस अभी आई."

अभी आई. घ्या! हिंदीतलं आलेच.

"हा उतावळेपणा नाही हो," मॅडम फोनवर म्हणाली. "तिनं विचार केलाय. येणार नाहीत त्यांची वाट बघू नये, असा." तिला एखादा शोध लागल्यासारखं झालं होतं. मला काही शोध-बिध लागला नव्हता, मला नुसतं खाली बसावंसं वाटत होतं.

तिनं आम्हाला पुन्हा बोलावलं. आधीच बजावलं की एकदा झालेल्या परीक्षेचे गुण आता बदलता येणार नाहीत, पोरीला खेळ माहीत झालाय. पण जे दिसेल ते अहवालात लिहिता येईल. या वेळी तिनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा आत्ता इथं आहे, तो सहावर आला की मी दार उघडून आत येईन. तोवर बिस्किट तसंच राहिलं तर दोन. मग ती उठली आणि दारात अडखळली. मी बाहेरून बघत होते. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाली, "मी जाते."

बाहेर आल्यावर ती ओशाळून हसली. "आईनं ऐकलं असतं तर ओरडली असती. जाते काय म्हणतेस म्हणून." मलाही ते खटकलंच होतं. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं असतं.

आम्ही दोघी त्या काचेच्या पट्टीला डोळे लावून उभ्या राहिलो. लेकीनं आधी दोन्ही हात मांडीखाली दाबले. मग ती गाणं म्हणायला लागली. मग खुर्चीवरून उतरून टेबलाखाली जाऊन बसली, म्हणजे बिस्किट दिसायला नको. तिथूनही घड्याळ दिसत होतं. बिस्किटाकडं तिनं क्वचितच पाहिलं. ती पाहत होती घड्याळाकडं आणि दाराकडं, घड्याळाकडं आणि दाराकडं. काटा सहावर आला तशी मॅडम घाईनं आत गेली, जणू परीक्षा तिचीच होती.

"आल्या!" लेक टेबलाखालून ओरडली. "मम्मी, खरंच आल्या!"

दोन बिस्किटं समोर ठेवली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती मॅडमकडंच बघत होती. मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं होतं.

अहवालात मॅडमनं दोन्ही लिहिलं. आकडे, सूचना मनात धरून ठेवायला हिला खरोखर जड जातं, तिथं मदत लागेल, एका वेळी एकच गोष्ट सांगा. थांबणं मात्र तिला येतं, कोण परत येणार आणि कधी, हे स्पष्ट कळलं तर. मुख्याध्यापिकांनी ते चष्मा वर-खाली करत वाचलं. त्यांना पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. वर्गात थांबायला लागली तर वर जाईल. नाही तर दुसरी. आणि मॅडमनं मला एकटीला घेऊन वेगळं सांगितलं, "आता घरात 'आलेच' बंद. 'एक मिनिट' बंद. 'उद्या बघू' बंद. जे म्हणाल ते व्हायला पाहिजे. एकदा जरी मोडलं तरी ती पुन्हा मागं जाईल. आणि हे सगळ्यांनी पाळायचं, नुसतं तुम्ही नाही."

सगळ्यांनी म्हणजे कोण होतं घरात? मी, आणि तो फोन.

खरं बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक आठवडा करून बघावं. आलेच म्हणायला काही लागत नाही. पण 'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की येते' म्हणायचं, तर शिट्ट्यांना यायला नको का! गॅस संपला म्हणून दुसऱ्या शिट्टीवर कुकर मेला, तर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. "तिसरी कुठंय?" कुणाकडं गेले की घड्याळाकडं बघून उठायचं. शेजारची आंटी म्हणाली, तुम्हारी बेटी ने तो तुम्हें कैदी बना रखा है. मी काय सांगणार? सगळा दिवस मी शब्द मोजून टाकत होते. संध्याकाळी तोंड उघडायचा कंटाळा यायचा. कधी कधी वाटायचं, जाऊ दे, बसू दे हिला दुसरीत, मला झोपू द्या.

पण फरक पडत होता. बाईंनीही वर्गात 'बस अभी आई' सोडलं, 'घंटी बजने तक' म्हणायला लागल्या. पोरगी घंटा होईपर्यंत बसायला लागली. एकदा तर बाकीची पोरं उठली आणि ही बसून राहिली, असं वहीत लिहून आलं. बाटली तेवढी हरवतच होती, ती आजही हरवते. ती पुढं तिसरीत गेली, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच कुणाला टांगून ठेवायची मला आता धास्तीच बसली आहे. पण त्याआधी, होळीच्या तोंडावर, यांचा फोन आला.

यांना रोज फोन जमायचा नाही. तिकडं रेंज लागेल तेव्हा. तपासणीचं त्यांना मागंच सांगितलं होतं, ते त्यांना काही रुचलं नव्हतं. आमच्या घराण्यात कुणाची असली तपासणी झाली नाही, म्हणाले. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा लेक अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. यांनी आधी इकडचं-तिकडचं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "होळीची रजा रद्द झाली."

मला वाटलंच होतं.

"तिला नको सांगू. फोन दे, मी बोलतो तिच्याशी. आलोच म्हणतो, म्हणजे खूश राहील."

"तसं म्हणायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

"म्हणायचं नाही म्हणजे नाही. खरं काय ते सांगा."

"अगं, खरं मला तरी कुठं ठाऊक आहे? एप्रिल म्हणतात, मे म्हणतात."

"मग ठाऊक नाही असं सांगा. ते चालतं तिला. आणि हे बघा, फोन ठेवताना येतो म्हणू नका. येणार नसाल तर जातो म्हणा."

मग ते म्हणाले, "शुद्धीवर आहेस का? कुणाला जातो म्हणायला सांगतेस?"

मला कळत होतं मी काय मागतेय. आमच्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. दिवासुद्धा कुणी विझवत नाही. सासूबाई तर हे गाडीत बसून दिसेनासे होईपर्यंत कुणाला उंबऱ्यातून हलू देत नाहीत. आणि मी, फौजीची बायको, माझ्या तोंडानं सांगत होते की जातो म्हणा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं. पण अंगणात दोरी आपटत होती, आणि वार्षिक परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

"पोरीसाठी," मी म्हटलं. "माझ्यासाठी नका म्हणू. तिच्यासाठी म्हणा."

मी लेकीला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. ती धापा टाकत आली. यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाळा, होळीला मला नाही जमणार."

"बिलकुल नाही?"

"नाही."

"मग कधी?"

"ठाऊक नाही. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी तुला फोन करीन. आधी तुला, मग मम्मीला."

ती रडली, नाही असं नाही. फ्रॉकला नाक पुसलं, दोरी हाताला गुंडाळली, सोडली. मी मध्ये पडले नाही. मग तिनं विचारलं, "पक्कं? कळलं की फोन?"

"पक्कं." तिकडं कुणीतरी यांना हाक मारत होतं. यांनी घसा खाकरला. "बरं. मी… जातो आता, बाळा."

ओठांवर आलेले शब्द मी दातांखाली धरले.

लेकीनं मात्र मान हलवली, मोठ्या बाईसारखी. "जा पप्पा," ती म्हणाली. "मी थांबते." आणि दोरी घेऊन पुन्हा अंगणात पळाली.

फोन कट झाला होता. मी तो तसाच तोंडाशी धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. येतो म्हणा हो, मी त्या बंद फोनला सांगत होते, एकदा तरी येतो म्हणा.